वारुळाचे वाटे

माणसांनी अजून शेतं केली नव्हती, तेव्हा एका वारुळात मुंगळ्यांची फार दाटी झाली. घरं वेगळी करायचं ठरलं. मात्र एकही घर उपाशी राहता कामा नये.

"त्यात काय! मी पाडतो वाटे," तुरक्या नावाचा तरुण मुंगळा म्हणाला. भरवणारे आणि खाणारे एकाच घरात राहावेत, म्हणून कोण कोणाला घास देतो, ते तो पाहू लागला. पण जवळजवळ प्रत्येक घास त्याच्या दादाच्या तोंडातून पुढे जायचा. कुठेही रेघ ओढली, तरी ती दादावरूनच जायची.

"दादा, तू मधून हो ना बाजूला!"

"झालो असतो रे, पण तुला कोण भरवणार?" दादा हसला.

पुढे दादा पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेला. मग जो तो शेजाऱ्याकडून घास घेऊ लागला, आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांची चार घरं आपोआप वेगळी झाली.

"शाबास, तुरक्या! काय नेमके वाटे पाडलेस!" म्हातारा मुंगळा म्हणाला.

"मी कसले पाडतोय, आजोबा! मी नुसता मिशा हलवत उभा होतो. चारही घरं जेवतायत. यातलं माझं घर कुठलं, तेवढं सांगा."