कारवीची गाठ

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात, सगळ्याच गावांत असतात तशा, पुष्कळ आया होत्या. त्यांच्यातल्या एकीची ही गोष्ट.

त्या गावात एक रीत होती. काही लक्षात ठेवायचं असलं की बायका पदराला गाठ मारत. काम झालं की गाठ सोडत. रीत सोपी होती आणि नव्या नवरीला ती गंमतच वाटे. पण मुलं झाली की गंमत संपे, कारण मुलांच्या गाठी सुटतच नाहीत.

आपल्या या आईला तीन मुलं होती. थोरलीला अंधाराची भीती वाटते, कोनाड्यात दिवा ठेवायचा, ही एक गाठ. मधल्याचा दात हलतोय, त्याला ऊस द्यायचा नाही, ही दुसरी. धाकट्याला शेंगदाण्याने अंगावर पित्त उठतं, ही तर कायमची. शिवाय सासऱ्यांचा काढा, गाभण गाय, नणंदेची ओटी, लोणच्याला आलेली बुरशी. पदर म्हणजे गाठींचा गठ्ठाच झाला होता. रोज सकाळी अंघोळ झाली की ती जुन्या लुगड्याच्या गाठी एकेक करून नव्या लुगड्याच्या पदराला मारी आणि मगच केस विंचरी. कधी कधी केस राहूनच जात.

तिचा नवरा वाईट नव्हता. हे सांगायलाच हवं, कारण तो वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. तो कष्टाळू होता, प्रेमळ होता आणि दर दोन दिवसांनी म्हणायचा, “अगं, मला सांगायचंस ना! मी केलं असतं.” मग ती मुकाट्याने आणखी एक गाठ मारी. ती असे, ‘ह्यांना सांगायचं’.

या सगळ्या गाठींत एक गाठ अगदी टोकाला होती. सगळ्यांत पहिली. ती कशाची, हे मात्र आई विसरून गेली होती. कितीतरी वर्षं ती रोज सकाळी ती गाठ या पदरावरून त्या पदरावर नेत होती आणि का नेतेय हे तिला ठाऊक नव्हतं. पण त्या गाठीवर बोटं आली की तिला उगाच भरून येई. कुणीतरी लांबून हाक मारतंय आणि आपल्याला जाता येत नाही, असं वाटे. ती क्षणभर थांबे, आठवायला बघे, तेवढ्यात धाकटा रडे किंवा दूध उतू जाई.

शेवयांचे दिवस आले. त्या गावात बायका उन्हाळ्यात आळीपाळीने एकमेकींकडे शेवया वळायला जमत. त्या दिवशी पाळी शिंपिणीची होती. सगळ्या पदर खोचून बसल्या. आईनेही खोचला, पण गाठींचा गठ्ठा कमरेला रुतायला लागला म्हणून तिने पदर पुन्हा मोकळा सोडला. मग ती पिठाचा गोळा घ्यायला वाकली आणि पदर काठीवर वाळत घातलेल्या शेवयांत अडकला. काठी खाली पडली, शेवया मातीत.

“कमरेला खलबत्ता बांधून आलीस की काय गं?” कुंभारीण म्हणाली.

सगळ्या हसल्या. आईही हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. ते थांबेचना.

कुंभारणीने पाट बाजूला सारला. “रडू नकोस. माझा पदर तर केव्हाच पुरेनासा झालाय. मी आता आमच्या ह्यांच्या उपरण्याला गाठी मारते. त्यांना वाटतं, ते विणतानाच तसं झालंय.”

शिंपिणीने बाही वर केली. मनगटाला दोरे गुंडाळले होते आणि दोऱ्यांना बारीक बारीक गाठी होत्या. पाटलांची नवी सून झोळीतल्या बाळाला हलवत हळूच म्हणाली, “मला वाटायचं, माझ्या एकटीच्याच सुटत नाहीत.”

मग आईने पहिली गाठ सगळ्यांना दाखवली. “ही कशाची, सांगाल का कुणी? माझं काहीतरी राहून गेलंय. काय ते आठवत नाही, पण जीव तिकडेच ओढतो.”

कुणाला कसं सांगता येणार? “इतक्या गर्दीत ती बिचारी बोलेल तरी कशी?” कुंभारीण म्हणाली. “पुरुष नांगरटीला इर्जिक करतात ना? सगळ्यांचे बैल एकाच्या शेतात, दिवसात काम फत्ते, वर जेवण. आपण गाठींची इर्जिक करू. एक दिवस हिच्या सगळ्या गाठी आपण घ्यायच्या. मग पुढच्या खेपेला शिंपिणीच्या. अट एकच. घेतली त्या गाठीचं काम करायचं, आणि लक्षातही आपणच ठेवायचं. हिने विचारायचंसुद्धा नाही.”

सगळ्यांना पटलं. आईने गाठी वाटल्या. धाकट्याची शिंपिणीने घेतली, गाभण गाय कुंभारणीने, काढा पाटलांच्या सुनेने. आई हलक्या पदराने घरी गेली, दार लावलं आणि सगळ्या गाठी परत मारून बसली. दुपारी शिंपिणीच्या दारात जाऊन विचारते, “धाकटा खेळतोय ना? नाही, सहज आले होते.”

शिंपिणीने तिचा पदर धरला. “माझ्याकडे गाठ, तुझ्याकडेही गाठ. मग मी घेतली कशाला?”

“तू विसरलीस आणि त्याला काही झालं तर? आई मी आहे ना त्याची!”

“आणि मी कोण गं? माझ्या तिघांना काय देवळातल्या घंटेने वाढवलं?” शिंपीण रागावली होती, पण पदर तिने हळूच सोडला. “विसरेनही एखादं. तू कधी विसरली नाहीस का? बघ बाई. धरून ठेवायच्या असतील तर ठेव. मी परत मागणार नाही.”

आई उंबऱ्यात उभी राहिली. अंगणात धाकटा खेळत होता. त्याच्यावरून तिची नजर हलेना. भीती खरी होती, तिला कुणी हसू नये. पण टोकाची ती गाठ तिच्या मुठीत होती आणि तिला वाटलं, आज नाही सोडलं तर हे काय आहे ते मला या जन्मात कळायचं नाही. टोकाची तेवढी ठेवून तिने एकेक करून बाकीच्या सगळ्या गाठी सोडल्या. शेवटची शेंगदाण्याची.

त्या दिवशी पाटलांच्या सुनेने काढ्यात गूळ जास्त घातला. सासऱ्यांनी दोन वाट्या मागून घेतल्या. याहून मोठं काही बिघडलं नाही.

आई ओढ्याकाठी जाऊन बसली. पदराला एकच गाठ. तिने ती दोन्ही हातांत धरली आणि वाट बघितली. आणि हळूहळू आठवलं.

ती लहान होती. डोंगरावर कारवी फुलली होती. कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते, आणि फुलते तेव्हा अख्खा उतार निळाजांभळा होतो. तिची आई तिला बघायला घेऊन गेली होती. एरवी सदा घाईत असलेली तिची आई त्या दिवशी फुलांत बसली आणि गुणगुणायला लागली. आपली आई गाते, हे त्या पोरीला तोवर माहीतच नव्हतं. आईचा पदर वाऱ्यावर उडत होता आणि त्याला एकही गाठ नव्हती. पुढे स्वतःला दिवस गेले तेव्हा तिला आईची फार आठवण आली, आणि तिने गाठ मारली होती: पुढच्या वेळी कारवी फुलली की जायचं. तसंच बसायचं.

ती धावत शेवयांच्या अंगणात आली. “कारवी! कारवी कधी फुलते आता?”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. “फुलून गेली की,” कुंभारीण हळू आवाजात म्हणाली. “दोन वर्षं झाली. तुझ्या दारातून दिसत होता सगळा डोंगर.”

“मी अंगणातच होते,” आई म्हणाली. “वर बघायचं राहून गेलं.”

मग शिंपिणीने हात पुढे केला. “ती गाठ दे इकडे.”

“ही कशी देऊ? ही तर माझी स्वतःची आहे.”

“म्हणून तर दे. स्वतःची गाठ बाई सगळ्यांत आधी विसरते.”

आईने गाठ सोडली. शिंपिणीने आपल्या दोऱ्याला ती मारली, कुंभारणीने उपरण्याला, पाटलांच्या सुनेने पदराला. त्या दिवसापासून गावात दर आठवड्याला गाठींची इर्जिक होऊ लागली. नवऱ्यांनाही वाटा मिळाला. कुंभाराला आपलं उपरणं कशाने भरलंय ते कळलं आणि तो दोन दिवस ते उलटंसुलटं करून बघत होता. मग स्वतःहून गाठी मागायला लागला.

वर्षं गेली. मग एका सकाळी, पाऊस नुकताच उघडला होता, बायका आईच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“चल.”

“कुठे?” आईने विचारलं. ती खरंच विसरली होती. “भाकरी आहे तव्यावर.”

“भाकरी मी बघतो,” नवरा म्हणाला. “आणि चटणी तिळाची करतो. धाकट्याचं माझ्या लक्षात आहे.”

आईने बायकांकडे बघितलं, मग त्यांच्या मागे, वर. डोंगर निळा झाला होता.

ती फुलांत जाऊन बसली. हळूहळू गुणगुणायला लागली. थोरली आता उंच झाली होती, सोबत आली होती. आपली आई गाते, हे तिलाही माहीत नव्हतं. ती कितीतरी वेळ बघत राहिली आणि मग तिने आपला पदर हातात घेतला. पुढच्या वेळी यायचं, विसरायला नको.

आईने गाठ मारणारी तिची बोटं धरली.

“एकटीने नको मारूस गं,” ती म्हणाली. “मैत्रिणींकडे देऊन ठेव.”

तात्पर्य काढायचंच झालं तर एवढं: आईला मदत करायची असेल, तर तिच्या हातातलं काम घ्याच, पण तिच्या डोक्यातली काळजीही घ्या. आणि आयांनो, कुणी ती घ्यायला आलं, तर हात सैल सोडा.