दुसरं पान

“...आणि तरीही नमतं मीच घ्यायचं म्हणता, फादर?”

शिवॉनने हातातलं पत्र टेबलावर आपटलं. म्हातारे फादर फिन्टन मठाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

१९२३ चा फेब्रुवारी. इंग्रज गेले, आणि जाताना झालेल्या करारावरून आयर्लंडची माणसं आपसातच गोळ्या झाडू लागली. शिवॉन कराराच्या विरोधात. तिची जिवलग मैत्रीण ग्रान्या कराराच्या बाजूने. इंग्रजांच्या तुरुंगात दोघी एका घोंगडीत झोपलेल्या. आता भर सभेत एकमेकींना गद्दार म्हणायच्या, आणि घरी येऊन चोरून पत्र लिहायच्या, की हे सगळं थांबवता येईल का?

पत्रं फादरांमार्फत जात. झडतीत अक्षर ओळखू येऊ नये म्हणून फादर प्रत्येक पत्र स्वतःच्या हाताने उतरवून काढत आणि मूळ पत्र चुलीत घालत. नाव कुणाचंच नसे.

“काय लिहिलंय?” फादरांनी विचारलं.

“नेहमीचंच तुणतुणं! शांतता हवी, पण आधी तुमच्या लोकांनी बंदुका खाली ठेवाव्यात. आमची माणसं काय फुकट मेली? ...इतकी घमेंड! ही बाई बदलायची नाही.”

“दुसरं पान?”

“ते कशाला? पहिल्यातच कळलं सगळं.”

“वाच.”

तिने फणकाऱ्याने पान उलटलं.

‘आई रोज दाराशी बसून असते. धाकट्याला कधी तुरुंगाच्या भिंतीशी उभं करून गोळ्या घालतील, या धास्तीने तिला झोप नाही. हवं तर मी तुझ्या पाया पडते. त्याला वाचव.’

शिवॉनचा धाकटा भाऊ ऑक्टोबरपासून तुरुंगात होता, ग्रान्याच्या बाजूच्या सरकारच्या.

तिने ते पुन्हा वाचलं. मग पहिलं पान. मग पुन्हा दुसरं.

“हे... हे तर माझं आहे.”

“नाताळच्या आधीचं.”

“तिला पोचलं नाही?”

“पोचलं. मी एक नक्कल ठेवून घेतली होती.”

शिवॉनने दोन्ही पानं टेबलावर ठेवली. राग कुणावर काढावा तेच तिला कळेना. इतका वेळ ती जिला शिव्या घालत होती, ती कोण? पाया पडते असं लिहिलं होतं तिने. त्यावर ग्रान्याचं एक अक्षर उत्तर नव्हतं.

“मग तिने काहीच का केलं नाही, फादर?”

फादरांनी पुढचा बटाटा सोलायला घेतला.

“आणि या वेळचं तिचं पत्र? ते कुठंय?”

फादरांनी सोललेला बटाटा पाण्यात टाकला.

“ते परवा मी तिलाच दिलं वाचायला. तुझ्यावर फार चिडली.”