हौसा राणीचा कौल

एक होती राणी. तिचं नाव हौसा. तिचं राज्य समुद्राकाठी. राजा गलबतं घेऊन दूर देशी गेलेला, म्हणून सगळा कारभार हिच्या एकटीच्या डोक्यावर. ए, पाय आत घे बघू, नाहीतर गोष्ट बंद! हां. तर सकाळी डोळा उघडला की दारात माणसं उभी. बंधारा फुटला, राणीसाहेब! हत्ती जेवत नाही, राणीसाहेब! बिचारीचा घास हातातल्या हातात राहायचा.

तिला एक लेक होती, बकुळा. तुमच्याएवढीच. ती यायची, म्हणायची, "आई, एक सांगू?" आई म्हणायची, "नंतर हं, बाळा."

आणि त्या राज्यात एक रीत होती, बरं का. काही अडलं की समुद्रात शिरलेल्या खडकावरच्या देवळात जायचं आणि देवाला कौल लावायचा. म्हणजे काय करायचं? देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक पाकळी पाण्यानं चिकटवायची आणि मनातलं विचारायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पण पाकळी पडायला वेळ लागतो. राणीला कुठला वेळ? मग तिनं देवळात ढोल बसवले. ढोल वाजले की देव लवकर जागा होतो, असं तिचं म्हणणं. आणि खरंच, ढोल वाजले की पाकळ्या पटापट पडायच्या! राणी खूश.

मग एकदा काय झालं, बकुळा हरवली!

राणी धावत देवळात. गुरवानं पाकळ्या लावल्या. ढोल धडाधड वाजले. "देवा, माझी बकुळा रानात गेली का?" उजवी पडली. हो! मग सगळे रानात पळाले. करवंदीच्या जाळ्या पालथ्या घातल्या. बकुळा नाही.

मग परत देवळात. "देवा, बाजारात गेली का?" परत उजवी! मग सगळे बाजारात. टोपल्या उलथल्या, माळे शोधले. बकुळा नाही.

आता राणी तिसऱ्यांदा देवळात. ती ओरडली, "देवाला ऐकू जात नसेल! राज्यातले होते नव्हते तेवढे ढोल आणा!" आणले. देऊळ नुसतं दणाणलं! आणि राणीनं विचारलं, काय विचारलं असेल? "देवा, माझी लेक जिवंत आहे का?"

डावी पाकळी हलली! ढोलाचा ठोका पडला, पाकळी जरा घसरली. ठोका पडला, आणखी घसरली. राणी बघतच राहिली. "अगं बाई! देव कुठला पाडतोय? हे ढोल पाडतायत! थांबवा! थांबवा म्हणते ना!"

सगळं गप्प झालं. पाकळी होती तिथेच राहिली.

पण राणीच्या डोक्यातले ढोल कुठे थांबतात? बंधारा, हत्ती, रान, बाजार! मग ती देवापुढे फतकल मारून बसली. रडली पोटभर. म्हणाली, "देवा, मला काही सुचत नाही रे. आता तू बोल. मी ऐकते."

आणि देव बोलला! किती हळू? दुधावर साय धरते ना, तेवढं हळू. "सकाळपासून सांगतोय, हौसा. तुला ऐकूच येईना. खाली बघ. तुझ्या पायाखाली."

राणीनं फरशीला कान लावला. खालून बारीकसा आवाज आला, "आई!"

अरे, देवळाखाली होती गुहा! बकुळा शिंपले वेचत आत गेलेली आणि बाहेर भरती आलेली! मग काय पळापळ! ढोलवाल्यांनी ढोलांचे दोर सोडले, एकाला एक बांधले. राणीनं पदर खोचला आणि स्वतः दोर धरून खडकाच्या कडेवरून खाली गुहेत उतरली. पाणी बकुळेच्या हनुवटीला टेकलं होतं, पण राणी पोचेपर्यंत एक बोटभरसुद्धा वर चढलं नाही. देवानंच धरून ठेवलं असेल, दुसरं कोण?

मग ओढा! ओढा! आल्या दोघी वर!

बकुळा म्हणाली, "आई, किती हाका मारल्या मी तुला!"

राणीनं तिला घट्ट धरलं. "मारल्यास गं. मीच ऐकल्या नाहीत."

मग बंधारे फुटायचे थांबले का? छे! माणसं दारात यायचीच. पण त्याआधी रोज सकाळी राणी लेकीला मांडीवर घेऊन देवापुढे गप्प बसायची. देव रोज बोलायचा का? नाही रे. रोज काय बोलायचंय त्याला? पण राणी रोज बसायची. पुढे राजा घरी आला, तोही शेजारी बसायला लागला. सगळी सुखात राहिली.

चला, डोळे मिटा. आता मीसुद्धा बोलत नाही.