आवडाईची हाक

ऐका मंडळी, ही गोष्ट नांदळीच्या खाडीची. फार वर्षांपूर्वीची, इतकी जुनी की सांगणाऱ्याच्या पणजीनंही ती दुसऱ्याच कुणाकडून ऐकली होती.

आधी खाडी समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळमाळावरून, दोन नद्या उतरतात, तिवरांच्या गर्द बनात एक होतात आणि समुद्राला भेटतात. पण जिथं भेटतात, तिथं तोंडाशीच वाळूचा मोठा दांडा, आणि तो दांडा भारी लहरी. दर पावसाळ्यात जागा बदलायचा. यंदा होड्यांची वाट उत्तरेला, तर पुढच्या साली दक्षिणेला, कोटाखाली. तो कोट फिरंग्यांनी बांधलेला. फिरंगी गेले, मराठ्यांचं निशाण लागलं, तेही उतरलं आणि इंग्रजांचा बावटा चढला. धक्क्यावर मिठाचा नाका बसला. खाडीनं मात्र कुणालाच मुजरा केला नाही. तिनं फिरंग्यांची गलबतं वाळूत रुतवली, तशीच इंग्रजांचीही रुतवली.

या खाडीकाठी आवडा नावाची गाबतीण, मासेमाराघरची बाई, राहायची. हसरी, तोंडाची तिखट, आणि नवऱ्यावर जीव टाकणारी. नवरा धाकोजी, पट्टीचा दर्यावर्दी. एका साली इंग्रजांच्या जहाजावर किनाऱ्याचा माहीतगार माणूस हवा होता, म्हणून त्यांनी धाकोजीला नेलं. जाताना तो म्हणाला, "पुढच्या नारळीपुनवेला येतो. वाट बघ."

"बघते की," आवडा म्हणाली, "पण उशीर केलात तर दार उघडायची नाही, आत्ताच सांगून ठेवते."

बोलायला बोलली, आणि जहाज दिसेनासं झाल्यावर धक्क्यावरच बसून पोटभर रडली.

त्याच पावसाळ्यात दांड्यानं दावा साधला. उत्तरेची वाट बुजली आणि कोटाखाली नवी फुटली. आवडानं ते पाहिलं. धाकोजीला ठाऊक ती जुनी वाट! तो त्याच वाटेनं येणार आणि अगदी घराच्या उंबऱ्याशी त्याची होडी फुटणार. मग या बाईनं काय केलं? ओहोटीला कमरेइतक्या पाण्यात उतरून पायांनी नवी वाट चाचपली आणि कडेकडेनं बांबू रोवले. आपलं लाल लुगडं फाडून त्याच्या चिंध्या बांबूंना बांधल्या. नारळीपुनव आली, गेली. धाकोजी आला नाही.

पुढच्या साली पुन्हा बांबू. त्याच्याही पुढच्या साली. होडी दिसली की आवडा विचारायची, "कोण रे?" होडीतून "मी गणू!", "मी सोमा!" अशी उत्तरं यायची. "ये बाबा, बांबू उजव्या हाताला ठेव," असं सांगून ती पुन्हा बाहेर बघत बसायची. आता तुम्ही म्हणाल, सरळ नवऱ्याच्या नावानं हाक का नाही मारली? अहो, बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तेव्हा मानत. म्हणून ती विचारायची. त्यानं आपल्या तोंडानं नाव सांगावं म्हणून.

एकदा खाडीची खोली मोजायला एक गोरा साहेब आला. दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडायचा आणि दर वेळी खोली वेगळी निघाली की हसायचा. भला माणूस होता. आवडाची हकीकत कळल्यावर त्याच्या दुभाष्यानं तिला धक्क्यावर बोलावलं. "साहेब मुंबईला जातोय. जहाजवाल्यांकडे चौकशी करील. नवऱ्याचं नाव सांग."

आवडानं मान खाली घातली.

"अगं बाई, नाव! ओहोटी लागलीय, आमची बोट चिखलात बसेल!"

ओठांपर्यंत आलेलं नाव तिनं गिळलं. तिला त्याचं आयुष्य राखायचं होतं ना! दुसऱ्या कुणी सांगावं म्हणून तिनं चहूकडे पाहिलं, तर पुरुष दर्यावर, बायका मिठागरात. तशीच धावत सुटली आणि शेजारच्या भिकूकाकीला हाताला धरून ओढत आणलं. तोवर बोट कोटाच्या वळणाला लागली होती. काकी बिचारी घसा फुटेस्तोवर ओरडली, "धाकोजीऽ! धाकोजी त्याचं नाव!" वारा उलटा होता. साहेबानं लांबून हात हलवला आणि बोट गेली.

जळ्ळं मेलं ते नाव न घेणं! त्या दिवसानंतर आवडा हसलेली कुणी पाहिली नाही, असं म्हणतात.

वर्षं गेली, केस पिकले, आवडाची आवडाई झाली. एका नारळीपुनवेला होड्या बाहेर पडल्या आणि भरदुपारी आभाळ फाटलं. लाटांनी सगळे बांबू उपटून नेले. मग आवडाईनं उरलेला एक बांबू घेतला, त्याला अंगावरचा पदर फाडून बांधला, आणि वाटेच्या तोंडाशी स्वतःच खुणेसारखी उभी राहिली. पाणी छातीला लागलं, गळ्याला लागलं, पण त्याच्या वर चढलं नाही, असं म्हणतात. एकेक होडी आली. "कोण रे?" "मी गणू!" "ये बाबा." "कोण रे?" "मी सोमा, आवडाई!" "ये, घरी जा." सगळ्या होड्या आत आल्या. काठावरून लोक ओरडले, "आवडाई, आता मागं फीर! कुणी राहिलं नाही!"

"माझा राहिलाय," ती म्हणाली.

आणि जन्मात जे नाव तिनं घेतलं नव्हतं, ते घेतलं. "धाकोजीऽऽ!"

वारा पडला. भरतीचं पाणी जागच्या जागी थांबलं. आणि दांड्यापलीकडून, पावसाच्या पडद्याआडून, "ओऽऽ" आली. काठावरच्या सगळ्यांनी ऐकली, असं म्हणतात. आवडाई हसली आणि त्या आवाजाच्या दिशेनं चालत गेली. ओहोटीला तिथं तिचा बांबू तेवढा उभा होता. दांडा त्या दिवसापासून तिथून हललेला नाही.

नांदळीत आजही नवी नवरी घरात घ्यायच्या आधी खाडीच्या तोंडाशी नेतात. उखाणा नाही, लाजणं नाही. तिनं पाण्याकडे तोंड करून आपल्या नवऱ्याचं नाव खणखणीत घ्यायचं. मग दुसरी हाक मारायची, धाकोजीची. वाजंत्री थांबतात, वऱ्हाड गप्प होतं, पोरंसोरंसुद्धा कान देतात. मग सासू हळूच विचारते, "ओ ऐकलीस?"

आजवर एकही नवरी "नाही" म्हणालेली नाही.