दगडफुलाची जागा

“गुलाबी दिसतंय तेवढं सगळं काढायचं ना, मॅडम?”

विचारलं शर्विलने, पण स्वारीचं उत्तर ठरलेलंच होतं. तरुण सर्जन, हात सफाईदार, आणि त्या हातांचं सगळ्यांत जास्त कौतुक त्याला स्वतःलाच.

समोर सगुणाबाई तोडकरांचा उघडा मेंदू होता. सकाळी पाजलेलं औषध गाठीत भिनलं होतं, आणि निळ्या दिव्याखाली ती निखाऱ्यासारखी गुलाबी फुलली होती. काय ते दृश्य! शर्विल दहाव्यांदा पाहत होता, तरी अंगावर काटा आलाच. बहुतेक गाठ निघाली होती. उरला होता तांदळाएवढा एक ठिपका.

डॉक्टर रेगे, त्याच्या गुरू, म्हणाल्या, “आधी सगुणामावशींना विचार.”

आता आली का पंचाईत! मावशी जाग्या होत्या खऱ्या. मेंदूला कापल्याचं दुखत नाही, म्हणून मुद्दाम जाग्या ठेवल्या होत्या. पण त्या पडल्या मसाला कुटायचा डंक चालवणाऱ्या. गाठीतलं त्यांना काय कळणार?

ऑपरेशनआधी त्यांनी एकच मागणं केलं होतं, माझी वाचा तेवढी सांभाळा. मसाल्याची नावंच घेता आली नाहीत, तर डंकावर बसून करू काय?

मॅडमनी शर्विलच्या हातात विजेची बारीक सळी दिली. ती टेकली की तेवढी जागा क्षणभर निजते. मग त्यांनी मावशींना मसाला सांगायला लावला.

चादरीपलीकडून आवाज आला. “धणे, तीळ, खोबरं, खसखस…”

शर्विलने ठिपक्याला सळी टेकवली.

“…”

उचलली.

“…दगडफूल. डोळ्यांपुढं दिसत होतं बघा, नावच येईना.”

पुन्हा टेकवली. पुन्हा शांतता. उचलली, तेव्हा नागकेशर आलं.

तिसऱ्यांदा त्याचा हात धजेना. चाळीस वर्षांचा मसाला, आणि राहतो कुठे, तर या एवढ्याशा जागेत! चपला घालून देवघरात शिरल्यासारखं त्याला झालं.

उरलेल्या गाठीवर पुढे किरणांचा इलाज होता. गेलेल्या शब्दांवर नव्हता.

मॅडमनी हात लांब केला आणि निळा दिवा मालवला.

“पण मॅडम…” शर्विल हळूच म्हणाला, “गुलाबी अजून शिल्लक आहे.”

“मावशीही शिल्लक आहेत.”