गवंडीआळीत कोणी राहत नाही

खूप जुन्या काळची ही गोष्ट. इतक्या जुन्या काळची, की तिच्यातल्या राजाचं नाव आता कुणालाच सांगता येणार नाही. गवंडीआळीतल्या भिवराचं नाव मात्र मला ठाऊक आहे, आणि ते का ठाऊक आहे, हे तुम्हाला शेवटी कळेल. लहानांनी मांडी घालून ऐकावं. मोठ्यांनी, त्यातही ज्यांच्या हातात शिक्के आणि नकाशे असतात त्यांनी, जरा जास्तच कान देऊन ऐकावं.

काळ्या मातीच्या सपाट मुलखात, एका रुंद नदीच्या काठी एक शहर होतं. नदीतून धान्याच्या नावा येत, काठावर दगडी कोठारं उभी होती आणि शहर वर्षागणिक पसरत चाललं होतं. तिथल्या राजाला बांधकामाचा भारी नाद. सकाळी दात घासताना त्याला एखादा मनोरा सुचायचा आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्याचा पाया आखून झालेला असायचा. महालातल्या एका मोठ्या चौरंगावर त्याने अख्ख्या शहराची लाकडी प्रतिकृती मांडून ठेवली होती. बोटभर उंचीची घरं, वीतभर उंचीची देवळं. राजा तासन् तास तिच्यापुढे बसे आणि मनात आलं की एखादं घर उचलून दुसरीकडे ठेवी. लाकडी घर उचलायला काय लागतं? त्यात चूल पेटलेली नसते.

खरं शहर बांधणारी माणसं राहत होती गवंडीआळीत. तिथे त्रेसष्ट घरं. कोणी दगड घडवी, कोणी परांच्या बांधी, कोणी कमानी वळवी. भिवराचं काम चुन्याचं. भट्टीतून आलेल्या चुनकळ्या हौदात विरवायच्या, तीन महिने त्यांच्यावर पाणी राखायचं, मग तो चुना वाळूबरोबर बैलाच्या घाणीत, दगडी चाकाखाली दळायचा. चुना तयार झाला की नाही, हे चिमटीत धरून सांगणारी शहरात ती एकटीच होती. त्यापायी तिची बोटं भेगाळून गेली होती, पण कामाचा अभिमान असा, की तिच्या हौदात कोणी काठी बुडवली तरी ती अंगावर धावून जाई.

तिचा नवरा कोठाराच्या परांचीवरून पडून गेला, त्याला बारा वर्षं झाली होती. आळीतलं घर त्यानेच बांधलेलं. त्या घराच्या भिंतींत राजवाड्याच्या भिंतींपेक्षा चांगला चुना होता. हे भिवराला पक्कं माहीत होतं, कारण दोन्हीकडचा चुना तिनेच दळला होता.

एके दिवशी राजाला बागेची हौस आली. नदीवेशीशी मोठी कमान बांधणं चालूच होतं. येत्या पौर्णिमेला शेजारचा राजा पाहुणा येणार, त्याची मिरवणूक त्या कमानीतून आत यायची. आत आल्या आल्या त्याला बाग दिसली पाहिजे, बागेत तळं दिसलं पाहिजे, असं राजाच्या मनाने घेतलं. त्याने प्रधानाला सांगितलं, "वेशीजवळ एखादी ओसाड जागा बघा."

प्रधानाने कारकून पाठवले. कारकून मोठे व्यवस्थित. सकाळी आंघोळ-पूजा, मग जेवण, मग वामकुक्षी, असं सगळं आटोपून ते भर दुपारी गवंडीआळीत पोहोचले. दारांना कुलपं. एकाही घरातून धूर नाही. हाक मारली तर ओ द्यायला एक म्हातारी शेळी. कारकुनांनी कागदावर लिहिलं, 'गवंडीआळी. त्रेसष्ट घरं. कोणी राहत नाही.' आणि प्रत्येक दाराशेजारच्या भिंतीवर गेरूची फुली मारून ते परतले.

आता आळीतली माणसं त्या वेळी होती कुठे? ती होती वेशीवर, राजाचीच कमान बांधत. पोरंबाळंसुद्धा तिथेच, परांचीच्या सावलीत. कारकून त्यांच्या अंगावरूनच आळीत गेले होते आणि अंगावरूनच परत आले होते.

संध्याकाळी माणसं घरी आली तर भिंतींवर फुल्या. पाठोपाठ दवंडी आली. "ऐका हो ऐका! गवंडीआळी ओसाड आढळली आहे. पौर्णिमेआधी ती पाडून तिथे बाग होणार आहे. तिथे कोणी राहत नसल्यामुळे कोणाला दुसरी जागा देण्याचा प्रश्न येत नाही हो!"

दवंडीवाल्यासमोर पावणेतीनशे माणसं उभी होती. त्याने ती पाहिली, ढोलकं काखेत मारलं आणि मान खाली घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी भिवरा प्रधानाच्या कचेरीत गेली.

"आमच्या आळीत मानसं राहत्यात," ती म्हणाली.

प्रधानाने कागद काढला, वाचला, पुन्हा वाचला. "इथे तर कोणी राहत नाही, असं लिहिलं आहे."

"मी राहते न्हवं!"

"बाई, रिकाम्या आळीतून तक्रार कशी येईल? तूच सांग. तुझी तक्रार मी घेतली, तर हा कागद खोटा ठरेल. आणि कागदावर शिक्का आहे."

"मग मी खोटी?"

"तसं मी कुठे म्हटलं?" प्रधान हसून म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, असं लोक सांगतात. मला विचाराल तर असल्या हसऱ्या माणसापेक्षा वाईट माणूस परवडला. त्याच्याशी निदान भांडता येतं.

भिवरा घरी आली. तिला रडू आलं नाही, तिला राग आला. ज्या भिंतीला टेकून नवरा संध्याकाळी चिलीम ओढायचा, त्या भिंतीवरच्या फुलीकडे ती कितीतरी वेळ बघत बसली.

याच्याही वरचा कळस पुढेच होता. आळी पाडायची म्हणजे पाडणारे हात हवेत. शहरात पहार धरता येणारी माणसं कुठे राहतात? गवंडीआळीत! मुकादम होता भिवराचा चुलतदीर तुळाजी. दिवेलागणीला तो विहिरीपाशी आला आणि खालमानेने म्हणाला, "उद्या समद्यांनी कुदळी-पहारी घेऊन यायचं हाय. आळी आपल्यालाच पाडायची हाय."

एक म्हातारा पाथरवट तेवढा हसला आणि हसता हसता त्याला खोकला लागला.

"भावोजी," भिवरा म्हणाली, "तुमाला काय कबूल केलंय त्यांनी?"

तुळाजीने आधी टाळाटाळ केली. मग म्हणाला, "नदीपल्याड घर देतो म्हनले. वैनी, माझं ऐका. राजाशी वैर धरून आपला टिकाव लागायचा न्हाई."

"वैर कोन धरतंय? आपन त्यांचं ऐकू. अगदी अक्षर न् अक्षर ऐकू." भिवरा विहिरीच्या कठड्यावर चढून उभी राहिली. "बायांनो, बाप्यांनो, शिक्क्याचा कागद काय म्हनतो? गवंडीआळीत कोनी राहत न्हाई. बरं! कोनी राहत न्हाई, तर उद्या इथनं कामाला जानार कोन? कमान बांधायला कोनी न्हाई. पाडायला कोनी न्हाई. हाक आली तर सांगायचं, इथं कोनी न्हाई. दारं लावा आन् घरात बसा. मग बघू, कागद शहर बांधतो का आपन."

एका बाईने विचारलं, "आन् खायाचं काय?" हा प्रश्न खरा होता. मजुरीचं धान्य रोजच्या रोज मिळे. काम नाही तर धान्य नाही. भिवराने आपल्या कणगीतले जोंधळे आणून विहिरीपाशी ओतले. मग एकेक जण घरी गेला आणि होतं नव्हतं ते घेऊन आला. सगळ्यांचं मिळून चार दिवस पुरेल एवढं झालं.

तिचा स्वतःचा जीव मात्र दुसरीकडेच अडकला होता. वेशीवरच्या हौदात तिचा तीन महिन्यांचा चुना होता, अगदी तयार. वरचं पाणी आटलं की तो वाळणार, आणि घाणीत दळून ठेवलेला तर दोन दिवसांत दगड होणार. हातचं काम असं मरू द्यायचं, याचं तिला फार दुःख झालं. तरी ती गेली नाही.

पहिल्या दिवशी कमानीवर फक्त कावळे आले. कावळे आणि एकटा तुळाजी.

"बाकीचे कुठे आहेत?" प्रधानाने विचारलं.

"येत न्हाईत म्हनले. पन मी आलोय, प्रधानजी. नदीपल्याडच्या घराचं तेवढं बघा."

प्रधानाने कागद उघडला. "ज्याचं घर पडेल, त्याला घर. तू कुठे राहतोस?"

"गवंडीआळीत."

"तिथे तर कोणी राहत नाही," प्रधान म्हणाला आणि त्याने कागदाची गुंडाळी केली.

दुपारी तुळाजी भिवराच्या दारात उभा. त्याने कडी वाजवली.

"कोन?" आतून आवाज आला.

"मी, तुळाजी."

"असल्या नावाचं हितं कोनी राहत न्हाई म्हने!"

तुळाजी दाराबाहेरच्या पायरीवर बसला. मग तुळाजीचा आवाज आला, "चुकलं, वैनी." तेव्हा दार उघडलं आणि भिवराने त्याच्यापुढे भाकरी ठेवली. तिने टोमणा मारला नाही असं नाही, पण भाकरी आधी ठेवली.

दुसऱ्या दिवशी शिपाई आले. "बाहेर या!" असं ओरडत ते आळीभर फिरले. एका दाराआडून उत्तर आलं, "कोनी न्हाई!" मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. शेवटी त्रेसष्ट घरांतून "कोनी न्हाई, कोनी न्हाई" असा कल्लोळ उठला आणि आतली पोरं खदाखदा हसू लागली. शिपायांनी चिडून एका भिंतीवर पहारी घातल्या. ती भिंत भिवराच्या नवऱ्याने बांधलेली. तासाभरात तिचा टवका निघाला नाही, शिपायांच्या हातांना मात्र फोड आले. भिवरा आत पाठ टेकून बसली होती. प्रत्येक घाव तिला पाठीत जाणवत होता, पण भिंत हलत नव्हती. बारा वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं, आपण घरात एकट्या नाही.

तिसऱ्या दिवशी राजा स्वतः कमान बघायला आला. पौर्णिमा चार दिवसांवर होती. कमान अर्धीच वळलेली, घाणीतला चुना दगड झालेला, हौद वाळून भेगाळलेला.

"माणसं कुठे आहेत?" राजा गरजला.

"आळीत, महाराज," प्रधान म्हणाला.

"कोणत्या आळीत?"

प्रधानाने कागदाची गुंडाळी पाठीमागे लपवली. "त्या... ओसाड आळीत, महाराज."

राजा तडक गवंडीआळीत आला. भर दुपार होती. दारं बंद होती, पण आत भाकऱ्या थापल्याचे आवाज होते, पाळण्याच्या दोऱ्या करकरत होत्या, कोणीतरी कोणावर तरी खेकसत होतं. राजाने पहिल्याच दारावर थाप मारली.

"हितं कोनी न्हाई," भिवरा आतून म्हणाली.

"मग बोलतंय कोण?"

"ते तुमच्या कागदाला इचारा, महाराज."

"दार उघड! नाहीतर सगळं सैन्य लावून आळी जमीनदोस्त करीन!"

"करा की. पाडायला शिपाई चालतील, चार म्हैने लागतील, पन पाडतील. पुढं बांधायला कोनाला बोलवनार?"

राजाने दारावरचा हात खाली घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला बांधकामातला असा प्रश्न पडला होता, ज्याचं उत्तर चौरंगावर नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "बाई, तुझं म्हणणं तरी काय आहे?"

"कागद बदला. आमी हाय असं लिवा. त्याबिगर दार उघडनार न्हाई."

राजाने मागे पाहिलं. कारकून अजून वामकुक्षी घेत होते. प्रधान कोऱ्या कागदावर बोरू टेकवायला धजत नव्हता. मग राजाने स्वतःच कागद आणि बोरू हातात घेतला, पायरीवर बसला आणि म्हणाला, "नाव सांग."

"भिवरा."

राजाने लिहिलं, 'गवंडीआळी. घर पहिलं. भिवरा.' तेव्हा कुठे दार उघडलं.

त्रेसष्ट घरं लिहून होईपर्यंत दिवस मावळला. वाटेत राजाने पाणी मागितलं, ते त्याला मिळालं. पाणी कोणालाही द्यावं. भाकरी मात्र त्या दिवशी त्याला कोणी विचारली नाही. शेवटच्या घरापाशी त्याने दमून विचारलं, "मग बाग कुठे करू?"

"तुमच्या वाड्यामागं हत्तींचं मैदान हाय," भिवरा म्हणाली. "हत्ती तर कवाच गेले. तितं खरंच कोनी राहत न्हाई."

बाग तिथेच झाली. पौर्णिमेला पाहुणा राजा आला, तेव्हा कमान अर्धीच होती. त्याने विचारलं, "हे असं का?" राजाला चारचौघांत सांगावं लागलं, "मी माझ्याच गवंड्यांना मोजायला विसरलो." त्यानंतर नवा चुना विरवून, तीन महिने त्यावर पाणी राखून, मगच ती कमान पुरी झाली. प्रधानाला राजाने कामावरून काढलं नाही. त्याला रोज दिवेलागणीला, माणसं घरी असताना, शहरातल्या एकेका आळीत जाऊन नावं लिहायला लावलं. कारकुनांची दुपारची झोप त्याच दिवशी संपली.

भिवराने आपल्या भिंतीवरची फुली पुसली नाही. दर दिवाळीला ती सगळी भिंत चुन्याने पांढरीशुभ्र करी आणि फुली तेवढी सोडून देई. तो कागदही आळीने जपून ठेवला. त्यावर पहिलंच नाव भिवराचं आहे, म्हणून ते मला ठाऊक. सही करायचं भान मात्र राजाला राहिलं नाही, म्हणून त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही.

तात्पर्य: ज्यांच्या हातांनी शहर उभं राहतं त्यांनाच जो नकाशातून पुसतो, त्याच्यासाठी त्या हातांनी एक वीटही उचलू नये.