कुणाच्या वजनाचं ताट

“पण वस्ताद, प्रोटीनचं ग्रॅम धरायचं कुठल्या वजनावर? आत्ता हाय त्या, का पायजे त्या?”

जालिंदरनं हिंदुराव वस्तादांना विचारलं. त्यांचा अंगठा माझ्या खांद्यात रुतलेला होता, तो आणखी खोल गेला.

मी “आई गं” म्हणालो. माझ्याकडं कुणी पाहिलं नाही.

सकाळी तालमीतली पोरं मेहनत आटोपून नदीवर अंघोळीला गेली, की मी खांदा चोळून घ्यायला जातो. जन्मभर फळ्यावर लिहून तो आखडला आहे. वस्तादांच्या हाताला गुण आहे, पण राग आला की तो तोंडातून निघायच्या आधी त्यांच्या अंगठ्यातून निघतो. त्या दिवशी राग जालिंदरवर होता आणि खांदा माझा होता.

जालिंदर याच तालमीचा पैलवान. एके काळी वारणाकाठच्या जत्रेत त्याचं नाव पुकारलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. कुस्तीच्या जोरावर त्याला कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याची नोकरी लागली. मग कुस्ती सुटली. खुराक मात्र सुटला नाही.

आखाड्यापाशी आलं की वाकून माती कपाळाला लावायची, ही तालमीची रीत. जालिंदरला वाकता येईना. त्यानं उभ्या उभ्याच हात छातीला लावला आणि इकडं तिकडं बघितलं.

वस्तादांनी ते पाहिलं होतं.

“डॉक्टर काय म्हणाला?” वस्तादांनी विचारलं.

“त्यो म्हणला, किलोमागं दीड ग्रॅम प्रोटीन खावा आन् वजन उतरवा. जिमवाला म्हणतोय, दोन. मोबाइलवर एक जण हाय, त्यो म्हणतोय, अडीच खाल्ल्याबिगर चरबी हलतच न्हाय. आन् आमच्या सायबांच्या मिसेस म्हणत्यात, एकाच्या वर गेला तर किडनीच जाती.”

“मग?”

“मग तुमी सांगा.”

“दीड.”

“दीडच?”

“दीड.”

“म्हंजे डॉक्टर म्हणला तेवढंच?”

“शिकलाय लेका त्यो. तुला तपासलंय त्यानं. माझ्याकडनं काय येगळं पायजे तुला?”

चला, मिटलं, असं मला वाटलं. अंगठाही सैल झाला होता.

जालिंदर मात्र जागचा हलला नाही.

“पण दीड कशावर, वस्ताद? आत्ताच्या वजनावर धरलं तर लई होतंय. उतरल्यावरच्या वजनावर धरलं तर कायच न्हाय. तेवढ्यात माझ्यासारख्याचं काय हुतंय?”

अंगठा पुन्हा आत गेला.

“आन् सकाळी जास्त का रातच्याला जास्त? अंड्यातलं पिवळं खावं का फेकावं? डाळीचं प्रोटीन निम्मंच धरायचं म्हणत्यात, खरं हाय का? आन् मटणाचं कच्चं वजन धरायचं का शिजल्यावरचं?”

“जालिंदर...”

“जी?”

“श्वास घे.”

त्यानं श्वास घेतला. घेताना शर्टाची दोन बटणं ताणली. मला हसू येत होतं, पण खांदा वस्तादांच्या हातात होता, म्हणून मी गंभीर राहिलो.

“किती दिवस झालं हे प्रोटीन चाललंय?”

“उन्हाळ्यापास्नं.”

“वजन किती उतरलं?”

जालिंदरनं पायानं जमिनीवरचा एक खडा बाजूला सारला.

“...वाढलंय जरा.”

वस्तादांनी माझा खांदा सोडला. तेलाचे हात धोतराला पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

“काय काय खातोस, सांग. लपवू नगंस.”

जालिंदरनं छाती पुढं काढली. खाण्याचा विषय निघाला की पैलवानाचा आवाज आपोआप चढतो. सकाळी थंडाई, बदाम घालून. मग घरच्या म्हशीचं दूध. मग न्याहारीला भाकरी, तूप, अंडी. दुपारी जेवण रोजचंच. आठवड्यातून तीनदा मटण, “तेबी आता तेल कमी घालून, वस्ताद.” रात्री परत दूध. आणि पावडर दोन वेळा. पावडर परदेशी आहे, हे त्यानं दोनदा सांगितलं.

“ही पावडर कशाच्या जागी घेतोस?”

“जागी म्हंजे?”

वस्ताद त्याच्याकडं बघत राहिले.

“जागी म्हंजे काय, वस्ताद?” जालिंदरनं खरोखरच न कळून विचारलं. “वरनं घेतो की.”

...

तालमीच्या पत्र्यावर एक कावळा चालत होता. त्याची नखं ऐकू येत होती.

“मास्तर,” वस्ताद मला म्हणाले, “तुमी पोरांस्नी वजाबाकी शिकवली का न्हाय?”

“जालिंदरलाही शिकवली,” मी म्हणालो. “त्याला बेरीज जास्त आवडायची.”

जालिंदर चिडला. “तुमचं बरं हाय मास्तर. तुमी काटकुळं. वाऱ्यानं उडाल. आमचं शरीर हाय हे. आमाला खुराक लागतो. ह्याच तालमीत शिकवलंय आमाला, पैलवानानं ताटातलं टाकायचं न्हाय, वाढलेलं नको म्हणायचं न्हाय. आईनं पुढ्यात ठिवलं तर नको कसं म्हणू? आन् प्रोटीननं वजन उतरतं, हे मी म्हणत न्हाय, सगळी दुनिया म्हणती!”

“व्हय. मी शिकवलंय,” वस्ताद म्हणाले.

आवाज बारीक झाला होता. मला ते आवडलं नाही. वस्ताद ओरडतात तेव्हा सगळं ठीक असतं.

“रोज आखाड्यात घाम गाळायचास तवा शिकवलंय. लंगोट खुंटीला टांगलास. त्यो थंडाईचा पितळी पेला मातर घरी घिऊन गेलास. त्योबी हितंच टांगायला सांगायचं राहिलं माझं.”

वस्तादांनी भिंतीवरच्या फोटोंकडं पाहिलं.

“मच्छिंद्रालाबी सांगायचं राहिलं.”

मच्छिंद्र म्हणजे जालिंदरचा थोरला भाऊ. तोही याच तालमीचा, अंगानं याच्याहून थोराड. त्याचीही कुस्ती सुटली होती आणि खुराक राहिला होता. मागच्या चैत्रात शेतातून घरी येताना बांधावर बसला, तो उठलाच नाही. तिरडी उचलायला चौघं पुरले नव्हते. आठ जण लागले, आणि वेशीपर्यंत जाताना त्यातलेही दोन बदलले. त्या आठांत वस्ताद होते. या वयात. कुणाचं ऐकलं नाही त्यांनी.

तालमीच्या भिंतीवर मैदान मारलेल्या पैलवानांचे फोटो आहेत. त्यात दोघे भाऊ शेजारी शेजारी. मच्छिंद्रच्या फोटोला आता हार आहे.

वस्ताद उठले आणि मागच्या स्वयंपाकाच्या खोलीत गेले.

“रागावलं का?” जालिंदरनं मला विचारलं.

“तुला काय वाटतं?”

“मी काय वाईट विचारलं, मास्तर? डॉक्टर सरळ म्हणला, भावाच्या वाटेवर हायस. रिपोर्ट फुडं केला आन् म्हणला, साखर हाय, लिव्हरवर चरबी हाय, गुडघं गेल्यात. मी म्हणलं, काय करू? म्हणला, वजन उतरव, प्रोटीन नीट खा. आता नीट म्हंजे किती, हे विचारायला नको?”

“त्यानं दीड सांगितलं ना?”

“पण कशावर?”

मी हात जोडले. माझाच विद्यार्थी, वर्गातही असाच होता. गणित सोडवायचं सोडून शाई निळी का काळी, हे विचारत बसायचा. अशानं तास संपतो, ही त्याची तेव्हाची खूणगाठ होती. पण हा तास संपला तर काय होणार, ते त्यालाही ठाऊक होतं. म्हणून मला त्याचा राग येत होता, आणि राग येतो म्हणून वाईटही वाटत होतं.

आतून भांड्यांचा आवाज आला. भाकरी थापल्याचा आला. तव्यावर पाणी चुरचुरलं.

जालिंदरनं मान उंचावून वास घेतला. “मटकी हाय,” तो म्हणाला. चेहरा जरा उजळला.

वस्ताद ताट घेऊन आले. ताटात एक भाकरी, चांगली वाटीभर मटकीची उसळ, दोन उकडलेली अंडी पिवळ्यासकट, वाटीत दही, फोडलेला कांदा. एवढंच. तुपाची वाटी नव्हती.

जालिंदर हात धुवायला वळला.

वस्ताद त्याच्या शेजारून पुढं गेले. भिंतीपाशी जाऊन त्यांनी जमिनीवर पाणी शिंपडलं, हातानं पुसून घेतलं आणि ताट फोटोखाली ठेवलं.

जालिंदर थांबला. त्यानं डोक्यावर रुमाल टाकला. आमच्याकडं गेलेल्या माणसाला असंच ताट ठेवतात.

“दादाला ठिवलं व्हय...” तो म्हणाला. डोळे भरले होते त्याचे. “दादाला मटकी लई आवडायची.”

वस्तादांनी वाकून ताट थोडं सरकवलं. हाराच्या फोटोखालून काढून शेजारच्या फोटोखाली नेलं.

शेजारचा फोटो जालिंदरचा होता. खांद्यावर गदा, पोट आत, मांड्यांना लाल माती. नुकतंच मैदान मारलेला, हसणारा.

जालिंदरला कळायला वेळ लागला. मग तो ओरडला.

“वस्ताद! आवं, हे काय करताय? मी जित्ता हाय!”

“तू हायस,” वस्ताद म्हणाले. “ह्यो कुठं हाय?”

...

“अशुभ असतंय, वस्ताद! जित्या माणसाच्या फोटोम्होरं ताट... काढा ते. आईला कळलं तर काय म्हणंल?”

“तुझ्या आईचं एक पोरगं म्या ह्या खांद्यावर उचलून नेलंय. आता माझ्यात ताकद न्हाय. तुझ्यात हाय का तेवढी, तुला उचलायची?”

जालिंदर खाली मान घालून उभा राहिला. एवढा मोठा देह, पण कुठं ठेवावा हे त्याला समजत नव्हतं.

“मला भ्या वाटतंय,” तो म्हणाला.

वस्ताद ताटापाशी उकिडवे बसले.

“रातच्याला डाव्या कुशीवर झोपलो की छातीत वाजतंय. मग उठून बसतो. दादालाबी वाजलं असंल का, वस्ताद? त्यानं कुणाला सांगितलं न्हाय. मग मी मोबाइल घिऊन बसतो आन् वाचतो, किती ग्रॅम, किती ग्रॅम... वाचत बसलं की भ्या जरा कमी हुतंय.”

मी दुसरीकडं पाहिलं. इतका वेळ मी या माणसावर वैतागलो होतो.

“बस,” वस्ताद म्हणाले.

“कुठं?”

“ताटावर.”

जालिंदर बसायला लागला. ते बघवत नव्हतं. एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर. गुडघा वाकेना. मी उठायला लागलो, तर वस्तादांनी मला नजरेनंच खाली बसवलं. शेवटी जालिंदर आधी आखाड्याच्या कठड्यावर टेकला, मग तिथून जमिनीवर घसरला. एक हात मातीत गेला होता. तो त्यानं नकळत कपाळाला लावला.

मांडी घालता आली नाही. एक पाय लांब करून तो आपल्याच फोटोसमोर बसला.

“हे कुणाच्या मापाचं वाढलंय?” त्यानं विचारलं. आवाजात अजून थोडी कुरकुर होती.

वस्तादांनी हनुवटीनं वर दाखवलं.

जालिंदरनं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. फोटोतला हसत होता, हा हसत नव्हता.

मग तो जेवू लागला. पहिले दोन घास घाईचे होते. नंतर हात सावकाश झाला. उसळ संपली, अंडी संपली, दह्याची वाटी बोटानं पुसून झाली. ताटात काही टाकलं नाही. तालमीची शिकवण तेवढी टिकली होती.

नदीवरून पोरांचे आवाज यायला लागले होते. वस्ताद ताटाजवळ उकिडवे बसून होते.

जेवण झाल्यावर जालिंदर तसाच बसून राहिला. त्याची नजर स्वयंपाकाच्या खोलीकडं गेली. तिथं दुरडीत पोरांच्या भाकऱ्या होत्या, वाफ येत होती.

“वस्ताद,” तो हळूच म्हणाला, “अजून एक भाकरी... अर्धी. भूक हाय जरा.”

वस्तादांनी त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं.

“त्याचं जेवून झालं. तू ऊठ.”